विद्यार्थ्याचा निवारा : बोर्डिंगापासून सदनिकेपर्यंत

ठाण्याजवळील कोलशेत हे मूळचे खाडीकाठचे गाव. पुढे तेथे रासायनिक कारखाने आले, आणि आज उंच इमारती उभ्या आहेत. त्यांतील एखादी सदनिका चौघा विद्यार्थ्यांनी मिळून घ्यावी, ही गोष्ट आता सहज वाटते. तिच्यामागील इतिहास मात्र सरळ नाही.

घर सोडून शिकणाऱ्यांची सोय महाराष्ट्रात बोर्डिंगांनी केली. कोल्हापुरास शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग निघाले. (जातवार बोर्डिंगे हा स्वतंत्र लेखाचा विषय होय.) भाड्याच्या घराची वाट अरुंद राहिली, त्यास कायदाही कारण झाला. १९४७ च्या मुंबई भाडे-नियंत्रण कायद्याने भाडेकरूस संरक्षण दिले. १९७३ च्या दुरुस्तीने, त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस जागेत असलेल्या परवानाधारकासही भाडेकरू ठरविले. दिलेली जागा परत मिळेल, हा मालकाचा भरवसा त्यामुळे डळमळला असल्यास नवल नाही.

१९९९ च्या महाराष्ट्र भाडे-नियंत्रण कायद्याच्या कलम २४ ने मुदत संपताच ताबा मिळविण्याचा मार्ग मालकास दिला. कलम ५५ ने करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक करून नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली. अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी नको, ही समजूत येथे टिकत नाही.

अडचण वेगळीच आहे. प्रथम वर्षास येणारा मुलगा पुष्कळदा सतरा वर्षांचा असतो, आणि १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञानास करार करता येत नाही. करारपत्रावर मग वडिलांचे नाव येते. ताब्याचा वाद निघाल्यास गावाहून यावे लागते ते त्यांनाच.