धूळ जाते कुठे?
१९०१. लंडनमध्ये अभियंता ह्यूबर्ट सेसिल बूथ याने धूळ फुंकून उडवणारे यंत्र पाहिले. उडालेली धूळ पुन्हा खालीच बसे! बूथने उलट केले: खुर्चीवर रुमाल धरून तोंडाने हवा ओढली, रुमालावर धूळ साचली. त्याचे यंत्र मात्र घोडागाडीवरचे. ते रस्त्यावर उभे राही आणि नळ्या खिडक्यांतून घरात जात.

घरात मावणारे यंत्र १९०७ मध्ये ओहायोतील सफाई कामगार जेम्स स्पँगलर याने जुळवले. त्याला दम्याचा विकार होता. पंखा, झाडूचा दांडा आणि धूळ अडवायला उशीचा अभ्रा!

आजही ग्राहक आधी वॅट विचारतात. पाहावी ती या अभ्र्याची वारसदार, गाळणी. ती कच्ची असेल तर ओढलेली बारीक धूळ मागच्या झरोक्यातून खोलीतच परतते.