गोठलेलं भाडं

मुंबईतल्या जुन्या चाळीचा मालक म्हटला की आपल्याला शेठजीच आठवतो. पण चार खोल्यांच्या भाड्यावर घर चालवणारी विधवाही मालकच होती. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडं सप्टेंबर १९४० च्या दरावर बांधलं. घरटंचाईत भाडेकरूंना तो मोठाच आधार होता. पुढे गवंडी, सिमेंट, पालिकेचा कर सगळं वाढलं; भाडं तेवढंच राहिलं. मग छत गळलं की डागडुजी कशातून करायची? यातूनच पागडी फोफावली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवणं अवाजवी ठरवलं. ३१ मार्च २००० पासून नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली. म्हणजे शंभर रुपयांवर चार रुपये! मला वाटतं, भाडेकरूचं छप्पर टिकवायचं तर डागडुजीपुरतं तरी भाडं हवं. गळतं छत दोघांचंही नुकसान करतं.