रहस्यकथेंतील रोम

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत माझे एक जुने स्नेही सहज भेटीस आले. टेबलावर पालथें पडलेलें पुस्तक त्यांनीं उचलून पाहिलें, आणि त्यांच्या चेहऱ्यावर किंचित् खेद दिसूं लागला. रोमन इतिहासावरील एखादा भारदस्त प्रबंध असेल अशी त्यांची अपेक्षा; निघाली ती प्राचीन रोममध्यें घडलेल्या एका खुनाची रहस्यकथा! "इतिहास शिकविण्यांत ज्यानें पंचवीस वर्षें घालविलीं, त्यानेंही शेवटीं हेंच वाचावें ना?" असें ते म्हणाले. चहा आला, विषय बदलला. पण त्यांचा प्रश्न माझ्या मनांतून गेला नाहीं. या कादंबऱ्या मी आवडीनें वाचतों हें खरें. त्या कां आवडतात, आणि त्या आवडीस कांहीं बैठक आहे कीं नाहीं, याचा विचार मात्र मीं कधीं केला नव्हता. तो केल्यावर जें सुचलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

या प्रकारांत दोन नांवें सहज पुढें येतात. इंग्लंडमधील लिंडसे डेव्हिस या लेखिकेची 'द सिल्व्हर पिग्ज' ही कादंबरी १९८९ सालीं प्रसिद्ध झाली. अमेरिकन लेखक स्टीव्हन सेलर यांची 'रोमन ब्लड' १९९१ सालीं. पुढें दोघांनींही आपआपल्या नायकावर कादंबऱ्यांची माळच गुंफली. डेव्हिसबाईंचा फाल्को हा इ. स. ७० च्या सुमाराचा, म्हणजे सम्राट् व्हेस्पेशियनच्या अमदानींतला, खासगी हेर. तो राहतो एका परटिणीच्या दुकानावरच्या उंच इमारतींत, अगदीं वरच्या मजल्यावर. आज उंचावर राहणें हें ऐपतीचें लक्षण समजतात. रोमच्या भाड्याच्या इमारतींत तें दारिद्र्याचें लक्षण होतें. पाणी खालून वाहून आणावयाचें, आणि आग लागली तर सुटकेची आशा थोडी. रोममधील परीट कपडे धुण्यासाठीं मूत्र वापरीत, आणि व्हेस्पेशियननें त्या मूत्रावरही कर बसविला होता. पाठ्यपुस्तकांतलें रोम संगमरवरी असतें. या कादंबऱ्यांतल्या रोमला वास येतो.

परंतु एवढ्यासाठीं रहस्यकथाच कशाला हवी? आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनीं हेराचें साहाय्य न घेतांच 'उषःकालां'त गतकाळ जिवंत केला. तेव्हां रोम आणि रहस्यकथा यांचें कांहीं विशेष नातें असलें पाहिजे. मला वाटतें, तें नातें रोमन न्यायपद्धतींत आहे. ज्या शहरानें जगाला कायदा शिकविला, त्या शहरांत खुनाचा तपास करणारें खातें असें नव्हतें. ऑगस्टसनें इ. स. ६ मध्यें रात्रीच्या पहाऱ्यासाठीं सात पथकें उभारलीं. पण त्यांचें मुख्य काम आगी विझविणें, आणि जोडीला चोरांवर नजर ठेवणें. त्याच्यापूर्वीं, प्रजासत्ताकाच्या काळीं, तेवढीही सोय नव्हती. खटला सरकारनें भरावयाचा नसून कोणा नागरिकानें भरावयाचा. पुरावा ज्याचा त्यानें गोळा करावयाचा. आणि मग उभय बाजूंच्या वक्त्यांनीं न्यायपंचांपुढें आपलें वक्तृत्व पणास लावावयाचें. कादंबरीकाराचा हेर काल्पनिक असला, तरी त्याच्यासाठीं इतिहासानें जागा रिकामी ठेवलेली होती.

सेलर यांच्या कादंबरीचा आधार तर प्रत्यक्ष घडलेला खटला आहे. सुल्ला या सर्वाधिकाऱ्यानें आपल्या शत्रूंच्या नांवांच्या याद्या लावल्या. यादींत नांव आलेल्या माणसास कोणीही मारावें आणि त्याची मालमत्ता लिलांवांत विकली जावी, असा तो कारभार. या याद्या इ. स. पू. ८१ च्या जूनच्या पहिल्या तारखेस बंद झाल्या. त्यानंतर कांहीं महिन्यांनीं अमेरिया गांवचा सेक्स्टस रॉशियस हा सधन गृहस्थ रोममध्यें रात्रीं मेजवानीहून परततांना मारला गेला. आणि मेल्यावर त्याचें नांव त्या बंद झालेल्या यादींत शिरलें! साठ लक्ष सेस्टर्स किंमतीचीं त्याचीं तेरा शेतें सुल्लाचा लाडका मुक्तदास क्रिसोगोनस यानें अवघ्या दोन हजारांस घेतलीं. वर खुनाचा आरोप आला तो मृताच्या मुलावर. पितृहत्येची रोमन शिक्षा म्हणजे चामड्याच्या पिशवींत जिवंत शिवून पाण्यांत फेकणें. इ. स. पू. ८० मध्यें या मुलाचा बचाव करण्यास जो उभा राहिला तो सव्वीस वर्षांचा वकील म्हणजे सिसेरो.

त्याचें तें भाषण आज उपलब्ध आहे, आणि तें वाचतांना आपण रहस्यकथाच वाचीत आहों असा भास होतो. खुनाची बातमी रातोरात, दहा तासांत छप्पन्न मैल धांवून, पहांटे अमेरियास पोंचली. एवढी घाई कोणाला होती? बातमी आणणारा मुलाकडे न जातां मृताच्या वैऱ्याकडेच प्रथम कां गेला? आणि या मृत्यूनें लाभ कोणाचा झाला? वाचकाच्या मनांत संशयाची दिशा निश्चित होते. मुलगा सुटला, असें प्लुटार्क सांगतो. पण येथेंच इतिहासकारास थबकावें लागतें. आपल्यापाशीं आहे तें एकाच बाजूच्या वकिलाचें भाषण. फिर्यादीचें म्हणणें काळानें पुसून टाकलें आहे. अर्ध्या कागदपत्रांवरून निकाल देण्याचा अधिकार इतिहासकारास नाहीं. कादंबरीकार मात्र त्या दुसऱ्या अर्ध्यांत दिवा घेऊन शिरतो. तेथें सेलर यांना काय सांपडलें, हें सांगून मी वाचकांचा विरस करणार नाहीं.

या खटल्यांतील एक गोष्ट मात्र मनाला चटका लावते. सिसेरोच्या म्हणण्याप्रमाणें खून झाला तेव्हां मृताचे दोन गुलाम तेथें होते. त्यांना चौकशीसाठीं हवालीं करा, अशी मुलानें पुनःपुन्हां मागणी केली. प्रतिपक्षानें ती नाकारली. ते गुलाम आतां क्रिसोगोनसच्या घरीं होते. मागणी न्याय्य वाटते खरी. पण गुलामाची "चौकशी" याचा रोमन कायद्यांतला अर्थ छळ करून वदविणें असा होता. म्हणजे निरपराध्याचा कैवार घेणारा सिसेरोही त्या दोघांचे हाल करण्याचीच परवानगी मागत होता! सेलर यांचा गॉर्डियनस त्या दोघांना गांठतो आणि त्यांच्याशीं माणसासारखें बोलतो. रोमच्या न्यायालयांत जें घडलें नाहीं तें कादंबरींत घडतें. या वाङ्मयाच्या गोडीचें मर्म मला येथें सांपडलें.

आणि त्याची मर्यादाही येथेंच दिसते. टॅसिटसनें सांगितलेली इ. स. ६१ मधील हकीकत पाहा. रोमचा नगराधिकारी पेडेनियस सेकुंडस याचा त्याच्याच एका गुलामानें खून केला. किंमत ठरवूनही धन्यानें स्वातंत्र्य नाकारलें म्हणून, किंवा प्रेमांतील चढाओढीमुळें, अशीं दोन कारणें टॅसिटस देतो. खुनी कोण हें येथें रहस्य नव्हतेंच. पण जुन्या चालीप्रमाणें त्या घरांत राहणाऱ्या सर्व गुलामांस देहदंड द्यावयाचा होता, आणि ते होते चारशें. त्यांत बायका होत्या, मुलेंही होतीं. सिनेटमध्यें गायस कॅशियस या मोठ्या कायदेपंडितानें शिक्षेचा पक्ष मांडला. भीतीवांचून गुलाम काबूंत राहणार नाहींत, हें त्याचें सार. कांहीं सभासद कळवळले, पण बहुमत शिक्षेच्या बाजूनें पडलें. तेव्हां रोमचे सामान्य लोक दगड आणि मशाली घेऊन रस्त्यावर आले. नीरोनें वधस्थानाच्या वाटेवर दुतर्फा सैनिक उभे केले, आणि शिक्षा अमलांत आली.

येथें फाल्को काय करील? गॉर्डियनस काय शोधून काढील? गुन्हेगार सांपडला कीं निरपराधी सुटतो, या श्रद्धेवर सारी रहस्यकथा उभी आहे. पेडेनियसच्या घरांत गुन्हेगार सांपडला होता, आणि निरपराधीही मेले. कायद्याच्या कांहीं चुकीनें नव्हे, तर कायद्याप्रमाणेंच. शेवटच्या पानावर मिळणारें समाधान हें आपल्या काळाचें आहे. तें आपण रोमला उसनें देतों.

ही जाणीव ठेवून मी या कादंबऱ्या वाचीत राहणार आहें. त्या वाचतां वाचतां मला एक संवय जडली. पूर्वीं सिसेरोचें तें भाषण वर्गांत शिकवितांना मी त्याच्या वक्तृत्वावर तासन्‌तास बोलत असें. त्या दोन गुलामांवरून माझी दृष्टि नुसती सरकून जाई. आतां तेथें आलों कीं मी थांबतों आणि विद्यार्थ्यांना विचारतों, "यांनीं त्या रात्रीं काय पाहिलें असेल?" उत्तर कोणालाच देतां येत नाहीं. पण हा प्रश्न मला एका रहस्यकथेनें शिकविला, हें माझ्या स्नेह्यांना पुढच्या भेटींत सांगावें म्हणतों.