रंगाचा पहिला हात

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत बपेरा हे गाव आहे. हा सारा मुलूख झाडीपट्टीचा. धान घरात आले की येथे मंडया भरतात, दंडारी होतात आणि नाटके उजाडेपर्यंत चालतात. दंडारीत स्त्रीची भूमिका पुरुषांनीच करावयाची, ही जुनी रीत. दिवसभर उन्हात राबलेला, दाढीचे खुंट दिसणारा चेहरा रात्री स्त्रीचा म्हणून पटायचा, तर आधी तो एकसारखा व्हावयास हवा. ओठ, भुवया, कुंकू हे सारे मागाहून. चेहऱ्यावर बसणारा हा रंगाचा पहिला हात, त्याचाच इतिहास आज आम्ही सांगणार आहोत.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले. तेव्हापासून पुढे पुष्कळ वर्षे मराठी नटाच्या रंगपेटीत सफेदा, पिवडी, मुरदाडशिंग आणि हिंगूळ असत. चेहरा धुवावा, तेलाचे बोट फिरवावे, खललेला रंग पातळ करून लावावा आणि तो सुकण्यापूर्वी ओल्या बोटांनी थोपटावा. रंग जाड झाला तर हसताना भेगा पडत. मान आणि कान विसरले तर चेहरा मुखवट्यासारखा वेगळा दिसे. कसब कशात होते? रंग थोडा लावूनही सारखा दिसावा, यात.

पण हे द्रव्य कोणते होते? मुरदाडशिंग म्हणजे शिशाचे भस्म. हिंगुळात पारा. सफेदा जस्ताचा असे, तसा शिशाचाही असे. हे दोन्ही धातू विषारी. खलताना धूळ नाकात जाई, बोलताना रंग ओठांवरून पोटात जाई. आम्ही नटाच्या गळ्याचे कौतुक करतो, कातडीची आठवण ठेवीत नाही. युरोपातही शतकानुशतके शिशाचा सफेदा चेहऱ्यांना फासला जात होता. १८७३ साली बर्लिनमध्ये लुडविग लाइश्नर या ऑपेरागायकाने रंगाचा कारखाना काढला आणि शिसे नसलेला स्निग्ध रंग नटांच्या हाती दिला. ज्याला रोज तोंड रंगवावे लागे, त्यालाच त्याची गरज कळली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

दुसरा बदल दिव्याने घडविला. मशाली आणि पणत्यांच्या पिवळ्या, हलत्या उजेडात सावळा चेहरा काळोखात बुडून जाई. म्हणून पांढरट रंग लागे. गॅसबत्ती आली, मग वीज आली, आणि तोच रंग चुन्यासारखा दिसू लागला. बोलपटांच्या काळात कॅमेरा तर छिद्रन् छिद्र टिपू लागला. रंगीत चित्रपटांसाठी मॅक्स फॅक्टर कंपनीने १९३० नंतरच्या दशकात ओल्या स्पंजने लावावयाची वडी काढली. तिचे ‘पॅनकेक’ हे नाव आमच्या रंगपटातही रुळले.

दिवा बदलला, द्रव्य बदलले. पण आमच्या मनातला एक समज मात्र बदलला नाही. पांढरेपणाची गरज मशालीची होती, ती आम्ही सौंदर्याची मानली. बालगंधर्वांनी (१८८८–१९६७) स्त्रीरूपाचा आदर्श घालून दिला, त्यातले मर्म वागण्या-वावरण्याच्या बारकाव्यात होते. अनुकरण मात्र गोरेपणाचे अधिक झाले. आजही लग्नघरी सावळ्या नवरीच्या तोंडाला दोन छटा उजळ रंग फासतात, आणि हात सावळेच राहतात. मग फोटोत ती मुलगी आपल्याच आईला ओळखू येत नाही.

जाणता रंगभूषाकार रंगाची छटा जबड्याशी, मानेजवळ लावून उजेडात पाहतो. जी कातडीत मिसळून दिसेनाशी होते ती निवडतो. चेहरा सारखा करणे आणि चेहरा गोरा करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. धानाच्या बांधावर उन्हाने रापलेल्या माणसाला, रात्री मंचावर चढताना, आपला रंग पुसावा लागू नये. पहिल्या हाताचे काम त्या रंगाला उजेडात नीट दिसू देण्याचे आहे, एवढेच आमचे म्हणणे.