ऑक्सिडीभवनाचा ताण व वार्धक्य

प्राण्यांच्या ऊतकांत मुक्त मूलके तयार होण्याचा वेग त्यांना निकामी करणाऱ्या यंत्रणेला आवरेनासा झाला, की पेशींवर जो भार येतो त्याला ऑक्सिडीभवनाचा ताण म्हणतात. ही संकल्पना जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट झीस यांनी १९८५ मध्ये मांडली.

मुक्त मूलकात एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असतो, म्हणून ते सहसा क्रियाशील असते. त्यांचा एक मोठा उगम पेशीच्या ऊर्जाकेंद्रात, म्हणजे मायटोकाँड्रियात आहे. अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन तेथील श्वसनशृंखलेतून सरकत ऑक्सिजनपर्यंत पोचतात आणि पाणी बनते. वाटेत, मुख्यतः पहिल्या व तिसऱ्या प्रथिनसंकुलापाशी, काही इलेक्ट्रॉन निसटून ऑक्सिजनला मिळतात व सुपरऑक्साइड तयार होते. त्यापासून होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड स्वतः मूलक नव्हे. पण लोहाशी गाठ पडली की त्यातून हायड्रॉक्सिल मूलक निघते. हे जन्मते तेथेच समोरच्या रेणूवर आदळते. त्याला थोपवणारे एंझाइम पेशीपाशी नाही, त्यामुळे बचाव आधीच्या पायऱ्यांवरच करावा लागतो. सुपरऑक्साइड डिसम्यूटेज हे त्या फळीतले पहिले एंझाइम. मॅकॉर्ड व फ्रिडोविच या संशोधकांनी त्याचे कार्य १९६९ मध्ये दाखवून दिले. कॅटॅलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज पुढे पेरॉक्साइडची विल्हेवाट लावतात.

वयाबरोबर ऊतकांत मूलकांनी केलेल्या हानीच्या खुणा साचतात. प्रथिनांवर कार्बोनिल गट चढतात, डीएनएतील ग्वानिन बिघडते, पटलांतील मेद खवट तेलासारखे नासतात. मेंदूच्या व हृदयाच्या पेशी क्वचितच विभागतात, म्हणून त्यांत लिपोफुसिन हे पिवळसर तपकिरी रंगद्रव्य वर्षानुवर्षे साठत जाते.

याच हानीमुळे म्हातारपण येते, असा सिद्धांत अमेरिकेतील डेनम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडला. ते आधी रसायनज्ञ होते, नंतर डॉक्टर झाले. १९७२ मध्ये त्यांनी मायटोकाँड्रियाला या सिद्धांताच्या केंद्रस्थानी आणले. सिद्धांत सुटसुटीत होता आणि अनेक दशके त्याने संशोधनाला दिशा दिली. प्रयोगांनी मात्र त्याला पुरती साथ दिली नाही. मायटोकाँड्रियात जादा कॅटॅलेज असलेले उंदीर सुमारे २० टक्के अधिक जगले, असे २००५ मध्ये दिसले. उलट मायटोकाँड्रियातील डिसम्यूटेज निम्म्यावर आलेल्या उंदरांत डीएनएची हानी व कर्करोग वाढले, पण आयुष्य घटले नाही. एका सूत्रकृमीत तर हेच एंझाइम काढून टाकल्यावर आयुष्य वाढले. पूर्व आफ्रिकेत बिळात राहणारा, जवळजवळ केशहीन असा नेकेड मोल रॅट ३० वर्षांहून अधिक जगतो. त्याच्या ऊतकांत मात्र ऐन तारुण्यातच उंदरापेक्षा जास्त हानी आढळते.

हानी वयाबरोबर वाढते हे पक्के आहे. तीच वार्धक्याचे मूळ कारण आहे असे आता म्हणता येत नाही. शिवाय अल्प प्रमाणातील हायड्रोजन पेरॉक्साइड पेशीत संदेशवाहकाचे काम करते आणि पेशीची संरक्षक एंझाइमे वाढवते. फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन हे प्रतिऑक्सिडीकारक, म्हणजे ऑक्सिडीभवन रोखणारे द्रव्य, दिल्यावर त्यांच्यातील फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढल्याचे १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्य वाढवण्यासाठी प्रतिऑक्सिडीकारकांच्या गोळ्या घेण्यास माणसांवरील चाचण्यांचा आधार नाही.