गोळीचं एकच उदाहरण

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याची लगबग इंदिरानगरातही सुरू होते. शेजारचे निवृत्त सुभेदार आपली दुनळी देऊन आले की दरवेळी विचारतात, "घरात चोर शिरला तर चालवता येते ना?" याचं उत्तर शोधायला थेट १८३७ सालात जावं लागतं.

त्या वर्षी मेकॉले या इंग्रज साहेबाच्या कायदा आयोगाने दंडसंहितेचा मसुदा मांडला. इथली माणसं दरोडेखोरांपुढे मुकाट मान तुकवतात, ही त्याची तक्रार. म्हणून बचावाच्या हक्काला कुंपणं घालण्यापेक्षा लोकांत धिटाई जागवावी, असं त्याने टिपणात लिहिलं. साहेबी तोरा वजा केला तरी मुद्दा उरतोच. संहिता १८६० साली मंजूर झाली, १ जानेवारी १८६२ला लागू झाली. कलम ९६ ते १०६ खासगी बचावाची. आणि १८७८ साली लॉर्ड लिटनच्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाची बंदूक परवान्यात अडकवली, युरोपियनांना मात्र मोकळं सोडलं. 

गंमत म्हणजे खासगी बचावाच्या या अकरा कलमांच्या मजकुरात बंदूक कुठेच नाही. हातात काय होतं यापेक्षा धोका केवढा होता, हे कायदा आधी विचारतो. समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत जायचं तर जीव जाईल, जबर दुखापत होईल अशा गंभीर हल्ल्याची रास्त भीती हवी. पोलिसांकडे धाव घ्यायला वेळ असेल तर हक्कच नाही. गरजेपेक्षा जास्त इजाही चालत नाही. मालमत्तेसाठी जीव घेण्याची मुभा जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग अशा मोजक्याच प्रसंगांत, आणि घरफोडीत ती चोर घरात असेपर्यंतच. कुंपणाबाहेर पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर सुभेदारच आरोपी.

गोळी येते ती अगदी शेवटी, १०६व्या कलमाच्या उदाहरणात. जमाव जीव घ्यायला आलाय, गोळी झाडल्याशिवाय सुटका नाही, आणि त्या जमावात लहान मुलं मिसळलेली आहेत. अशा वेळी मुलांना इजा झाली तरी गुन्हा होत नाही. इतका अवघड प्रसंग निवडणाऱ्याने तो बराच विचार करून निवडला असणार.

५ मार्च १९५०ला कटनीच्या दंगलीत हे उदाहरण जवळजवळ जिवंत झालं. जमावाने एका दुकानदाराच्या भावाचं दुकान लुटलं, मग त्या दुकानदाराच्या दारावर लाठ्या बसू लागल्या. दुकानदाराने दोन गोळ्या झाडल्या, एक माणूस मेला. तेव्हा तो मुलूख नागपूरच्या उच्च न्यायालयाखाली होता आणि तिथेही तो सुटला नाही. १९५२ साली सर्वोच्च न्यायालयात निकाल लिहिला विवियन बोस यांनी, ज्यांची वकिली आणि मुख्य न्यायमूर्तिपद नागपुरातलंच. दार फुटत असताना माणसाने किती बळ वापरलं हे सोनाराच्या काट्यावर तोलू नये, असा त्याचा आशय. दुकानदार सुटला.

१ जुलै २०२४पासून हीच कलमं भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ झाली. मुलांचं उदाहरण तसंच आहे. घरफोडीच्या कलमात ‘रात्री’च्या जागी मात्र ‘सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी’ असं आलंय.

"जूनमध्ये सूर्य सातनंतर मावळतो," सुभेदार म्हणाले. "साडेसहाला आलेल्याचं काय?"

त्याच्या हातात सुरा असेल तर शरीराच्या बचावाचं कलम आहे, म्हटलं. नसेल तर आरडाओरडा करा, मी येतो.