अंड्यातला लाल ठिपका

आमच्या श्रीवर्धनच्या घरात मागच्या पडवीला एक जुनी टोपली असायची. कोंबडी खुडूक झाली, की दादी त्या टोपलीत पेंढा पसरून अंडी मांडायची आणि कोंबडीला वर बसवायची. चौथ्या-पाचव्या रात्री ती एकेक अंडं उचलून कंदिलाच्या काचेजवळ धरायची. काही अंडी नुसतीच पिवळट दिसत. काहींत मात्र बारीक लाल रेषांचं जाळं दिसे आणि त्याच्या मधोमध एक ठिपका, जाळ्यात बसलेल्या कोळ्यासारखा. जाळं दिसलं ते अंडं परत कोंबडीखाली जाई, कोरं निघालं ते बाजूला. आम्ही पोरं दादीच्या खांद्यावरून वाकून बघायचो. तो ठिपका हलतो, असं मी एकदा म्हणालो, तेव्हा ती म्हणाली, "हलणारच. जीव आहे तो."

ही गोष्ट आज सांगण्याला एक कारण आहे. १६ फेब्रुवारी १९८० या दिवशी मोठं सूर्यग्रहण झालं. कारवार, हुबळी, रायचूर या पट्ट्यात ते खग्रास होतं, आमच्याकडे खंडग्रास. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. भर दुपारी ऊन मळकट झालं आणि रस्ते ओस पडले, एवढं आठवतं. माझी फुफू तेव्हा दिवस गेलेली होती आणि बाळंतपणासाठी आमच्याकडे यायची होती. त्या वर्षी रमजान ईदनंतर आठवड्याभराने, ऑगस्टमध्ये, तिला मुलगा झाला. जन्मला तेव्हा चांगला होता. काही दिवसांनी मात्र रडला की त्याचे ओठ आणि नखं निळी पडू लागली. दीड महिन्याने तो गेला. काय झालं होतं, याची नीट तपासणी कधी झालीच नाही. पण कारण मात्र सगळ्यांना ठाऊक होतं! ग्रहण लागलं होतं तेव्हा फुफूने अडकित्ता हातात घेऊन सुपारी कातरली होती. झालं. सुपारीच्या गावात राहून फुफूने त्यानंतर अडकित्त्याला हात लावला नाही.

मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. विज्ञान माझा विषय नव्हे. पण फुफूच्या त्या अडकित्त्यानेच मला हा प्रश्न वाचायला लावला. आईच्या पोटात हृदय घडतं कधी? रक्तवाहिन्या येतात कुठून? आणि आधी काय घडतं?

हा 'आधी काय'चा प्रश्न फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात त्यावर चक्क एक वादसभाच भरलेली दिसते. शौनक म्हणतात आधी डोकं, कृतवीर्य म्हणतात हृदय, पाराशर्य म्हणतात नाभी, मार्कंडेय म्हणतात हातपाय, सुभूती गौतम म्हणतात धड. शेवटी धन्वंतरींचं मत येतं. ते म्हणतात, सगळे अवयव एकाच वेळी घडतात, फक्त अतिसूक्ष्म असल्यामुळे दिसत नाहीत. त्यासाठी दाखला दिला आहे तो बांबूच्या कोंबाचा आणि आंब्याच्या फळाचा. कोवळ्या कैरीत गर, कोय, रेषा वेगळ्या ओळखता येत नाहीत. पिकली की सगळं आपापल्या जागी दिसतं.

तिकडे ग्रीसमध्ये अॅरिस्टॉटलने हाच प्रश्न कोंबडीला विचारला. उबवणीला ठेवलेली अंडी वेगवेगळ्या दिवशी फोडून त्याने आत पाहिलं. तीन दिवस-रात्री उलटल्यावर पांढऱ्यात रक्ताचा एक ठिपका उड्या मारताना दिसतो, असं त्याने लिहून ठेवलं. तोच माझ्या दादीच्या कंदिलातला ठिपका! दोघांनी पाहिलं एकच. दादीने त्यावरून अंडी निवडली, अॅरिस्टॉटलने निष्कर्ष काढला, की हृदयच पहिलं.

पुढे जवळजवळ दोन हजार वर्षं हे असंच चाललं. मधे तेराव्या शतकात दमास्कसकडचा, कैरोत वैद्यकी करणारा इब्न अल-नफीस होऊन गेला. हृदयाच्या उजव्या-डाव्या भागांमधल्या पडद्याला अदृश्य छिद्रं असतात, हे ग्रीक वैद्य गेलनचं मत त्याने साफ नाकारलं. रक्त उजवीकडून फुप्फुसात जातं आणि तिथून डावीकडे येतं, असं त्याने सांगितलं. १६२८ साली विल्यम हार्वेने रक्ताभिसरणाचा संपूर्ण फेरा मांडला. त्यातला एक दुवा मात्र निसटत होता, धमनीतलं रक्त शिरेत जातं कसं? १६६१ साली इटलीच्या मार्सेल्लो माल्पिघीने सूक्ष्मदर्शकातून केसाहून बारीक रक्तवाहिन्या पाहिल्या आणि तो दुवा सापडला. त्याच माल्पिघीने पुढे अंड्यातल्या पिल्लाच्या वाढीची तासातासाने चित्रं काढली.

पण एवढं दिसूनही विद्वानांचा एक मोठा गट म्हणत होता, की नवीन काही घडतच नाही. अंड्यात सगळं प्राणिरूप आधीच तयार असतं, ते फक्त फुगत जातं. १७५९ साली कास्पर फ्रीडरिश वोल्फ नावाच्या पंचविशीतल्या तरुणाने आपल्या प्रबंधात याला आव्हान दिलं. त्याने दाखवलं, की ज्या जागी उद्या रक्तवाहिन्या दिसतात, त्या जागी आज त्या नसतात. आधी नुसते कण, मग त्यांत भेगा, मग वाहिन्या. म्हणजे शरीर उलगडत नाही, ते नव्याने घडतं. त्याचं त्या काळी फारसं कुणी ऐकलं नाही. १८१७ साली क्रिस्टियान पांडरने अंड्यांमागून अंडी उघडून भ्रूणाचे तीन थर वेगळे ओळखले. वरच्या थरातून त्वचा आणि मेंदू, खालच्यातून आतड्याचं अस्तर आणि यकृत, आणि मधल्यातून स्नायू, हाडं, हृदय आणि रक्त, हे चित्र त्यातूनच पुढे स्पष्ट झालं.

आता रक्तवाहिन्यांकडे येऊ. आपल्याला वाटतं, हृदय हे विहिरीसारखं, आणि वाहिन्या म्हणजे तिथून काढलेले पाट. आमच्या सुपारीच्या वाड्यांत शिंपण्याचं पाणी असंच जातं, विहिरीपासून मोठा पाट, त्याला लहान पाट, शेवटी एकेका पोफळीचं आळं. भ्रूणात मात्र उलटंच घडतं. अमेरिकेत फ्लॉरेन्स सॅबिन या डॉक्टर बाईंनी १९१७ च्या सुमारास कोंबडीचा जिवंत भ्रूण काचेवर ठेवला आणि रात्रभर जागून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. वाडीत ठिकठिकाणी आपोआप आळी भरावीत, मग ती एकमेकांत फुटून पाट व्हावेत आणि शेवटी ते विहिरीला येऊन मिळावेत, तसा तो प्रकार आहे. मधल्या थरातल्या काही पेशी जागोजागी गोळा होतात. त्यांना रक्तद्वीपं म्हणतात. बाहेरच्या पेशी चपट्या होऊन भिंत बनतात, आतल्या पेशी रक्त होतात. ही बेटं एकमेकांना भेटतात आणि नळ्या तयार होतात. त्याच सुमारास हृदय वेगळ्या जागी घडत असतं. दोन नळ्या मध्यरेषेवर येऊन एक होतात आणि ती नळी आकुंचन पावू लागते. कोंबडीत हे दीड दिवसाच्या आसपास होतं. गंमत अशी, की पहिला ठोका पडतो तेव्हा हृदयात अजून रक्त पोचलेलंही नसतं!

तेव्हा वादसभेतलं कोण जिंकलं? एकटं कुणीच नाही. सगळं एकदम घडत नाही, हे वोल्फने दाखवलं. पण अनेक ठिकाणी एकाच वेळी काम सुरू असतं, एवढ्यापुरते धन्वंतरी खऱ्याच्या जवळ होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस या कामामागचे रासायनिक निरोपही सापडले. ज्या पेशींना प्राणवायू कमी पडतो, त्या एक प्रथिन सोडतात आणि वाहिन्या त्या दिशेने फुटतात. १९९६ साली उंदरांवर दिसलं, की या प्रथिनाच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक जरी नसली, तरी भ्रूण जगत नाही. २००१ साली आणखी कळलं, की वाहिन्या म्हणजे नुसता नळ नव्हे. यकृत आणि स्वादुपिंड घडताना रक्त वाहू लागण्याच्या आधीच वाहिन्यांच्या पेशी त्यांना वाढीचा इशारा देतात.

या कामात आपल्या माणसांचाही वाटा आहे. पुणे विद्यापीठाच्या लीला मुल्हेरकर यांनी एडिंबरोत कोंबडीच्या भ्रूणावर संशोधन केलं आणि १९५८ साली ते प्रसिद्ध झालं. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी यांच्या प्रयोगशाळेने २०१३ साली दाखवलं, की वाहिन्या वाढवणारं ते प्रथिन हायड्रासारख्या गोड्या पाण्यातल्या इवल्याशा जीवातही असतं. हायड्राला ना रक्त, ना हृदय! म्हणजे वाहिन्या जन्माला येण्याच्या कितीतरी आधी निसर्गाकडे हा निरोप तयार होता.

आणि या सगळ्याच्या आधी एक आनंदीबाई जोशी होत्या. गोपाळरावांच्या बदलीमुळे त्या काही काळ आमच्या याच जिल्ह्यात, अलिबागला होत्या. कोवळ्या वयात त्यांना मुलगा झाला आणि तो अवघे दहा दिवस जगला. १८८६ साली फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंचं प्राचीन प्रसूतिशास्त्र. आपलं मूल का गेलं, हा प्रश्न घेऊन जगणाऱ्या आया त्यांनी घरातच पाहिल्या होत्या, नव्हे, त्या स्वतःच त्यांतल्या एक होत्या.

आता फुफूच्या बाळाचा हिशेब. माणसाच्या भ्रूणात तिसऱ्या आठवड्यात रक्तद्वीपं दिसू लागतात. बाविसाव्या दिवसाच्या सुमारास हृदय हलू लागतं. मग ती सरळ नळी वळते, तिच्यात पडदे उभे राहतात, कप्पे होतात, झडपा होतात. आठव्या आठवड्याअखेर हृदयाची मुख्य रचना पूर्ण झालेली असते. त्यानंतर ते वाढतं, नव्याने घडत नाही. पोटातल्या बाळाला प्राणवायू आईच्या वारेतून मिळतो. फुप्फुसं कामाला लागलेली नसतात म्हणून हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक दार आणि दोन मोठ्या वाहिन्यांमध्ये एक जोडनळी उघडी असते. म्हणूनच रचनेत दोष असला, तरी बाळ पोटात वाढतं, जन्मताना ठीक दिसतं. पुढे ही दारं मिटू लागली, की दोष उघडा पडतो आणि ओठ निळे होतात.

ऑगस्टच्या विसाव्या तारखेच्या आसपास जन्मलेलं, पूर्ण दिवसांचं बाळ. मागे मोजत गेलो, तर गर्भधारणा नोव्हेंबर १९७९ च्या अखेरची. ग्रहणाच्या दुपारी ते अकरा आठवड्यांचं होतं. म्हणजे अडकित्ता हातात येण्याच्या तीन आठवडे आधीच त्याच्या हृदयाची घडण जशी व्हायची तशी होऊन गेली होती. अर्थात ग्रहण त्या आठ आठवड्यांत लागलं असतं, तरी काही बिघडलं नसतं. सावलीने हृदयाला भोक पडत नाही.

जिवंत जन्मणाऱ्या शंभरांतल्या जवळजवळ एका बाळाला हृदयाचा जन्मजात दोष असतो. काहींचं कारण जनुकांत असतं, काहींचं आईच्या काबूत नसलेल्या मधुमेहात किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीला झालेल्या रुबेला या गोवरासारख्या तापात. पुष्कळदा कारण सापडतच नाही. पण उपाय सापडले आहेत. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोरला हेलन टॉसिग, आल्फ्रेड ब्लेलॉक आणि व्हिव्हियन थॉमस यांनी मिळून निळ्या बाळावरची पहिली शस्त्रक्रिया घडवून आणली. आज पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत यांतले अनेक दोष दिसतात, आणि बाळंतपण कुठे करायचं ते आधी ठरवता येतं. लग्नानंतर, मूल होण्याआधी रुबेलाची लस घेतली का हे विचारणं, साखर तपासणं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी न घेणं, दिवस राहण्याआधीपासून फॉलिक अॅसिड सुरू करणं, पाळायचं तर हे पाळावं. सुनेला अंधाऱ्या खोलीत कोंडून काही साधत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी हा हिशेब कागदावर मांडून फुफूला वाचून दाखवला. ती आता ऐंशीच्या घरात आहे. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "मग तो गेला कशाने?"

मी म्हणालो, "ते नाही सांगता येत, फुफू. पण तुझ्या हातून काही झालं नव्हतं."

ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "तुझी दादी असती, तर तिला वाचून दाखवलं असतंस."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)